फुटून निघाले म्हणून युद्ध झाले, की निघू दिले नाही म्हणून? अमेरिकेतील १८६१ च्या यादवीविषयी

वैनतेय (धागाकर्ता)

फुटीर चळवळींविषयीच्या मागील चर्चेत ‘दक्षिणायन’ यांनी जाता जाता एक प्रतिसाद लिहिला आणि पुष्कळांनी त्याला माना डोलावल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: फुटून निघणे ही राजकीय कृती आहे आणि युद्ध ही लष्करी, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अकरा राज्यांनी शांतपणे ठराव केले आणि ती बाहेर पडली, वेगळ्या होणाऱ्या भावाला कोणी गोळ्या घालत नाही, पण अध्यक्ष लिंकन यांनी घातल्या, आणि नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून, तसेच स्लोव्हाकिया १९९३ मध्ये चेक भागापासून रक्त न सांडता सुटू शकतात, तर सहा लाखांहून अधिक अमेरिकनांचे मरण हा एका माणसाचा हट्ट ठरतो. प्रतिसाद चार ओळींचा होता, पण त्यातली एकही ओळ तशीच सोडून देण्याजोगी नसल्यामुळे माझे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अकरा राज्ये एकत्र बाहेर पडलीच नाहीत. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिनाने १६९ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला, १ फेब्रुवारीपर्यंत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि टेक्सस ही सहा राज्ये तिच्यामागे गेली, आणि तेथे ओघ थांबला. उरलेली चार राज्ये तोफा सुटल्यानंतर गेली. म्हणजे ‘आधी फूट, मग युद्ध’ असा सरळ क्रमच नाही. सात राज्यांची फूट युद्धाच्या आधीची आहे आणि चार राज्यांची युद्धाने घडवलेली आहे.

दुसरी गोष्ट ‘शांतपणे’ या शब्दाची. जॉर्जियाने फुटण्याचा ठराव १९ जानेवारी १८६१ रोजी केला. संघराज्याचा पुलास्की किल्ला मात्र तिच्या सैनिकांनी ३ जानेवारीलाच ताब्यात घेतला होता. लुइझियानाचा ठराव २६ जानेवारीचा आणि बॅटन रूझच्या शस्त्रागारावरचा कब्जा १० जानेवारीचा आहे. अलाबामानेही तसेच केले. ज्या दिवशी ही राज्ये स्वतःच्याच मते संघराज्याचा भाग होती, त्या दिवशी ती संघराज्याची शस्त्रागारे ताब्यात घेत होती. भावाचे उदाहरण द्यायचेच असेल तर पूर्ण द्यावे: हा भाऊ वाटणीचा कागद होण्याआधीच कोठाराचे कुलूप तोडून बसला होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फूट जाहीर होणे आणि तोफ सुटणे यांच्यामध्ये जवळजवळ चार महिने गेले, आणि माझ्या मते युद्ध त्या चार महिन्यांत तयार झाले. मावळते अध्यक्ष ब्यूकॅनन यांची भूमिका अशी होती, की राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण फुटलेल्या राज्याला बळाने परत आणण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. या भूमिकेमुळे कोणाचेच काही ठरले नाही. २६ डिसेंबरच्या रात्री मेजर अँडरसन यांनी आपली तुकडी मोल्ट्री किल्ल्यातून चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरील सम्टर किल्ल्यात हलवली. त्यांच्या दृष्टीने ती सावधगिरी होती, साउथ कॅरोलिनाच्या दृष्टीने आक्रमण. ९ जानेवारीला रसद घेऊन येणाऱ्या ‘स्टार ऑफ द वेस्ट’ जहाजावर किनाऱ्यावरून तोफा डागल्या गेल्या. तेथील लोकांच्या दृष्टीने ते स्वसंरक्षण होते, वॉशिंग्टनच्या दृष्टीने बंड. एकाच भूमीवर दोन सरकारे स्वतःला कायदेशीर मानतात तेव्हा बचावाची प्रत्येक हालचाल समोरच्याला चढाई दिसते, आणि कोणती हालचाल काय हे ठरवणारा पंच उरलेला नसतो.

नॉर्वेत तो उरला होता. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने राजसंबंध तोडले, स्वीडनने जनमताची अट घातली, ऑगस्टमध्ये मतदान झाले आणि विरोधात अवघी १८४ मते पडली. त्यानंतर कार्लस्टाड येथे दोन्ही बाजू वाटाघाटीस बसल्या आणि नॉर्वेने सरहद्दीवरचे किल्ले पाडण्याचे मान्य केले. तेव्हाही दोन्हीकडे सैन्याची जमवाजमव झाली होतीच. चेकोस्लोव्हाकियात संघीय संसदेने स्वतःच विसर्जनाचा कायदा केला आणि मालमत्ता साधारण दोनास एक या प्रमाणात वाटली गेली. ही उदाहरणे दक्षिणायन यांच्या बाजूची नाहीत. किल्ल्यांचे काय करायचे हे आधी ठरले म्हणून तेथे युद्ध टळले, एवढेच ती सांगतात.

---

दक्षिणायन

माझ्या चार ओळींवर एवढा शाईखर्च झाल्याबद्दल आभारी आहे, पण वैनतेय यांनी जे वगळले ते त्यांनी लिहिलेल्यापेक्षा बोलके आहे.

दक्षिणेने वाटाघाटी मागितल्या नव्हत्या काय? फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस तीन प्रतिनिधी वॉशिंग्टनला पाठवले. किल्ले, शस्त्रागारे, सार्वजनिक कर्जातला वाटा या सर्वांची तडजोड करण्याचा अधिकार त्यांना दिलेला होता. लिंकन यांनी त्यांची भेटही घेतली नाही, कारण भेट घेणे म्हणजे मान्यता देणे. उलट परराष्ट्रमंत्री सीवर्ड हे न्यायमूर्ती कॅम्पबेल यांच्यामार्फत सम्टर रिकामा होणार असल्याचे आश्वासन देत राहिले. मग एके दिवशी साउथ कॅरोलिनाचे राज्यपाल पिकेन्स यांच्या हाती चिठ्ठी पडते, की जहाजे निघत आहेत. कार्लस्टाडला दोन्ही बाजू टेबलाशी बसल्या, म्हणून वैनतेय स्वीडनचे कौतुक करतात. वॉशिंग्टनमध्ये एक बाजू टेबलाशी बसून होती आणि दुसरी दार उघडत नव्हती.

आणि व्हर्जिनियाचे काय? ४ एप्रिल १८६१ रोजी तेथील अधिवेशनाने फुटण्याचा प्रस्ताव जवळजवळ दोनास एक अशा मतांनी फेटाळला होता. १५ एप्रिलला लिंकन यांनी पंचाहत्तर हजार सैनिक मागवले आणि १७ एप्रिलला त्याच अधिवेशनाने फुटण्याचा ठराव केला. आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाही त्याच वाटेने गेली. चार राज्ये आणि रिचमंडसारखे शहर लिंकन यांनी स्वतःच्या हाताने शत्रूच्या पदरात घातले. ज्या अध्यक्षाला देशातील चाळीस टक्केही मते मिळाली नव्हती, दहा दक्षिणी राज्यांत ज्याला एकही मतपत्रिका नव्हती, त्याने थोडी नम्रता दाखवली असती तर सात राज्यांचा तो संघ एकाकी पडून आपणहून विरघळला असता. १७७६ मध्ये वसाहती ब्रिटनपासून फुटल्या तेव्हा ते स्वातंत्र्य, आणि १८६१ मध्ये राज्ये फुटली की ते बंड, हा न्याय मला समजत नाही.

---

उल्का

दोन्ही सद्गृहस्थांचे लेखन वाचले. किल्ले, बंदरे, मतांची बेरीज, जहाजे, चिठ्ठ्या हे सर्व आले. १८६० च्या जनगणनेत गुलाम म्हणून मोजलेली साडेएकोणचाळीस लाख माणसे मात्र दोघांच्याही लेखनात कोठे दिसली नाहीत.

१६९ विरुद्ध शून्य हा आकडा वैनतेय यांनी सहज लिहून टाकला. साउथ कॅरोलिनाच्या सुमारे सात लाख लोकसंख्येपैकी चार लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. म्हणजे राज्य फुटावे की नाही हे राज्यातल्या बहुसंख्यांना कोणी विचारलेच नाही. मिसिसिपीतही निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. ‘राज्याची इच्छा’ हा शब्दप्रयोग वापरताना निदान इतकी लाज असावी.

कारणांविषयी त्यांच्याच कागदांवर विश्वास ठेवू या. साउथ कॅरोलिनाच्या जाहीरनाम्यातील मुख्य तक्रार अशी आहे, की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. ज्यांना आज ‘राज्यांचे हक्क’ आठवतात त्यांनी लक्षात घ्यावे, की ही तक्रार उत्तरेकडील राज्यांनी आपले हक्क वापरल्याबद्दलची आहे, आणि १८५० चा फरारी गुलामांचा कायदा केंद्राच्या बळावर राबवून घेण्यात दक्षिणेला काहीच वावगे वाटले नव्हते. मिसिसिपीचा जाहीरनामा तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे सुरुवातीलाच सांगतो. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे दक्षिणेच्या संघाचे उपाध्यक्ष स्टीफन्स यांनी नव्या सरकारची कोनशिलाच वंशांच्या विषमतेवर बसवली आहे असे भर सभेत सांगितले. जकातीची सबब सांगणारे येतीलच, म्हणून आधीच लिहिते: जकात वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये, दक्षिणेचे सदस्य निघून गेल्यानंतर मंजूर झाला.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या माणसाला आठ वर्षांत जे कळले ते येथे दीडशे वर्षांनंतरही किल्ल्यांच्या भिंतीआड लपवावे लागते, याचे आश्चर्य वाटते.

---

कापूसकोंड्या

चर्चा उत्तम चालली आहे, पण सर्वजण एक गोष्ट विसरत आहेत आणि ती आमच्या घरची आहे. दक्षिणेला एवढा धीर आला कोठून? कापसातून. साउथ कॅरोलिनाचे सेनेटर हॅमंड यांनी १८५८ मध्येच भर सभागृहात कापसाला राजा म्हटले होते. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून जात असे, त्यामुळे तो अडवला की लँकेशायर उपाशी मरेल आणि ब्रिटिश आरमार आपोआप चार्ल्सटनला येईल, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब नसता तर सात राज्यांनी एवढ्या मोठ्या देशाशी पंगा घेतलाच नसता.

हिशेब चुकला, कारण खान्देश आणि वऱ्हाड होते. आमच्या पणजोबांच्या वडिलांनी त्या वर्षांत इतका पैसा पाहिला, की त्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. आजी हे शपथेवर सांगत असे. लिंकन, डेव्हिस, सम्टर यांतले एकही नाव न ऐकलेल्या माणसाच्या ओसरीवर ते युद्ध पोहोचले होते. अमेरिकेच्या यादवीवर मराठीत लिहायचे तर ते तापीकाठावरून लिहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

माजी तलाठी

चांदीच्या धावांची गोष्ट खान्देशातील प्रत्येक तिसऱ्या घरात आहे. एवढी चांदी खरोखर चाकांना लागली असती तर धुळ्याच्या रस्त्यांवरून अजून ती खरवडून निघाली असती. आयुष्यभर सातबारे लिहिले आहेत, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात तेजीतले किती उरते हे मला कोणी शिकवू नये.

पैसा आला, याविषयी वाद नाही. तो कोणाकडे आला हे विचारा. नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून गेल्यावर. तोपर्यंत वऱ्हाडातून येणाऱ्या मालाच्या मार्गात गाडीवान, अडते, दलाल आणि मुंबईचे निर्यातदार अशी रांग उभी होती. रुईत सरकी आणि पाणी मिसळण्याचे प्रकार इतके वाढले, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. खरा पैसा मुंबईत साठला आणि तेथे त्याचे काय झाले? बॅक बे भरून काढण्याच्या कंपन्या, बँका, कागदी शेअर, प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर चढणारे भाव. दक्षिणेचे सेनापती जनरल ली ९ एप्रिल १८६५ रोजी शरण गेले, ती बातमी मुंबईला पोहोचली आणि पुढच्या काही महिन्यांत सर्व कोसळले. बँक ऑफ बॉम्बे काही वर्षांत बुडाली. मनोरे शिल्लक राहिले. शेतकऱ्याला तेजीत मिळालेले कर्ज मंदीत फेडावे लागले आणि त्याचा शेवट १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळण्यात झाला. चार्ल्सटनच्या तोफेचा आवाज खरा येथे ऐकू आला, चांदीच्या चाकांत नव्हे.

---

कापूसकोंड्या

तलाठीसाहेब, सातबारा लिहिणे आणि इतिहास लिहिणे यांत फरक आहे. सुपे, इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत यांतल्या कोणत्या तालुक्यात तेव्हा कापसाचे पीक नाव घेण्यासारखे होते ते सांगावे. ज्वारी-बाजरीचा दुष्काळी पट्टा आहे तो. दंगे तेथे झाले आणि कापसाच्या खान्देशात झाले नाहीत, ही एकच गोष्ट तुमचा सिद्धान्त खोडायला पुरेशी आहे. १८६७ पासूनच्या फेरआकारणीत इंदापूरकडे सारा वाढला, त्याचा उल्लेख मात्र महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाने टाळावा, हे समजण्यासारखे आहे.

---

माजी तलाठी

महसूल खात्यावर घसरण्याचे कारण नव्हते. सारा वाढला हे मी नाकारलेले नाही. वाढीव सारा भरायला कुणबी सावकाराकडेच गेला, आणि तेजीच्या वर्षांत सढळ झालेला सावकाराचा हात तोवर आखडला होता. कापूस शेतात नसला तरी कापसाचा पैसा पतपेढीत फिरतो, एवढे अर्थशास्त्र खान्देशातही शिकवत असतील. आणि आपल्या आजीविषयी मला आदर आहे, पण शपथ म्हणजे दप्तर नव्हे.

---

रिचमंडकर

आता कोणी सुप्याहून व्हर्जिनियाला परत येईल काय?

मी अनेक वर्षे रिचमंडमध्ये राहतो. येथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी मला अगदी सौजन्याने समजावले, की यादवी युद्ध असे काही झालेच नाही, ‘उत्तरेचे आक्रमण’ झाले. त्यांचे पूर्वज कोठल्या तुकडीत होते, कोठे जखमी झाले हे सर्व त्यांना पाठ होते. गुलामांचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी हवामानाविषयी बोलायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२१ मध्ये मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवरील लींचा पुतळा उतरवला तेव्हा मी मुलांना घेऊन गेलो होतो. ते घराबाहेर आले नाहीत. माणूस चांगला होता. म्हणूनच दक्षिणायन यांचे लेखन वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू येतो, आणि हे मी प्रशंसा म्हणून लिहीत नाही.

मुद्दा असा, की फुटण्याचा हक्क पवित्र मानणाऱ्यांनी तो स्वतः किती जणांना दिला? दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेत राज्यांना बाहेर पडण्याचा स्पष्ट हक्क कोठेही लिहिलेला नाही. गुलामांच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करता येणार नाही, हे मात्र स्पष्ट लिहिलेले आहे. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ जिल्ह्यांना रिचमंडबरोबर जायचे नव्हते. ते व्हर्जिनियातून फुटले आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे स्वतंत्र राज्य झाले. पूर्व टेनेसीने फुटण्याच्या विरोधात मत दिले, पण त्या भागाला वेगळे होऊ दिले नाही, तेथे सैन्य पाठवले. एकदा रेघ ओढली की रेघेच्या आत सापडलेले लोक विचारतात, की मग आम्ही का नाही. युद्ध पसरते ते येथून. किल्ला एक असतो, असे जिल्हे शेकडो असतात.

---

वैनतेय

चर्चा तापीकाठी गेली तेव्हा ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का’ असे विचारले गेले आहे याची मला कल्पना आली होती, त्यामुळे रागावत नाही. चांदीच्या चाकांचा निकाल दोघांनी परस्पर लावावा. त्या प्रतिसादातील एक गोष्ट मात्र मूळ प्रश्नाची आहे आणि ती मी घेतो. ब्रिटन आपल्यासाठी धावून येईल या खात्रीने दक्षिणेने धोका पत्करला, आणि ती खात्री चुकीची होती: १८६० चे पीक भरघोस असल्यामुळे लिव्हरपूलची गोदामे भरलेली होती, १३ मे १८६१ रोजी ब्रिटनने तटस्थता जाहीर केली आणि टंचाई खऱ्या अर्थाने जाणवू लागली ती १८६२ मध्ये. फुटणाऱ्याला स्वतःच्या बळाचा अंदाज चुकतो तेव्हा तो तडजोडीला बसत नाही.

आता दक्षिणायन यांच्या टेबलाविषयी. त्या टेबलावर वाटाघाटीचा विषय काय होता? मालमत्तेची किंमत. फूट मान्य आहे हे गृहीत धरूनच बोलणी सुरू होणार होती. आणि टेबलाशी प्रतिनिधी बसलेले असताना टेबलाखाली काय चालले होते, तेही लिहायला हवे होते: ६ मार्च १८६१ रोजी, सम्टरच्या पाच आठवडे आधी, दक्षिणेच्या काँग्रेसने एक लाख स्वयंसेवक भरती करण्याचा अधिकार डेव्हिस यांना दिला. लिंकन यांचे पंचाहत्तर हजार त्यानंतरचे.

पिकेन्स यांना गेलेली चिठ्ठी दक्षिणायन यांनी अर्धीच वाचली आहे. तीत लिहिले होते, की केवळ अन्न पाठवले जाईल आणि विरोध झाला नाही तर माणसे, शस्त्रे किंवा दारूगोळा पाठवला जाणार नाही. किल्ल्यात सुमारे पंचाऐंशी सैनिक होते आणि त्यांचे धान्य एप्रिलच्या मध्यापर्यंत संपणार होते. डेव्हिस यांनी काहीच केले नसते तर काय झाले असते? किल्ल्यात पिठाची पोती गेली असती. तरीही १२ एप्रिलला पहाटे साडेचार वाजता गोळाबारी सुरू झाली. माझ्या मते त्यामागचे गणित दक्षिणायन यांच्याच प्रतिसादात दडलेले आहे: सात राज्यांचा संघ एकाकी पडून विरघळला असता. डेव्हिस यांनाही ते दिसत होते. कुंपणावर बसलेल्या व्हर्जिनियाला खेचून घेण्यासाठी त्यांना ठिणगी हवी होती. लिंकन यांच्या सैन्यमागणीमुळे ती चार राज्ये गेली, हे मान्य करतो. दक्षिणायन यांनी ते वाक्य चौकट करून भिंतीवर लावावे. ती मागणी मात्र किल्ला पडल्यानंतर दुसऱ्या दिवशीची होती.

उल्का यांचा आक्षेप कडू आहे आणि योग्यही आहे, पण त्यात एक पायरी राहते. लिंकन यांनी ४ मार्चच्या शपथविधीच्या भाषणात जेथे गुलामगिरी आहे तेथे हात लावणार नाही असे सांगितले होते, आणि तसे वचन घटनेतच घालणारी दुरुस्ती काँग्रेसने नुकतीच मंजूर केली होती. एवढे मिळूनही सात राज्ये परतली नाहीत, कारण त्यांना नव्या प्रदेशांत गुलामगिरी वाढवायची होती आणि लिंकन तेथे तसूभर मागे हटायला तयार नव्हते. मालमत्ता दोनास एक अशी वाटता येते. पश्चिमेकडे माणूस विकता येईल की नाही, याची तशी वाटणी होत नाही. त्यामुळे फुटण्याचे कारण आणि युद्धाचे कारण यांना मी वेगळे करत नाही. फुटण्यामागे काय होते यावर नंतर टेबलाशी बसता येईल की नाही हे ठरते.

---

उल्का

‘कडू आहे आणि योग्यही आहे’ हे प्रशस्तिपत्र मिळाल्याबद्दल धन्य झाले. राहिलेली पायरी मला मान्य आहे. फक्त ते घटनेतले वचन ज्यांच्या जिवावर दिले जात होते त्यांच्याशी टेबलाशी बसण्याचा विचार दोन्ही बाजूंपैकी एकीनेही केला नव्हता, हे तुमच्या पुढच्या लेखात तरी पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. कार्लस्टाडचे गोडवे गाताना शांततेने वेगळे होताना झालेल्या त्या करारात अशी कोणाची विक्री झाली नव्हती, हेही लिहावे.

---

दक्षिणायन

मला रिचमंडच्या आजोबांच्या पंक्तीला बसवून झाले, आता उत्तर देतो.

गुलामगिरी हेच फुटण्याचे कारण होते, हे मी कधीही नाकारले नव्हते. माझ्या चार ओळींत तो शब्द नव्हता म्हणून मी त्याचा पुरस्कर्ता ठरत नाही. माझा प्रश्न वेगळा होता आणि तो अजून तसाच आहे. कारण वाईट असले तरी फुटण्याचा मार्ग असावा की नसावा? अमेरिकेच्या घटनेने तो ना दिला ना नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने टेक्सस विरुद्ध व्हाइट या खटल्यात संघराज्य अभंग असल्याचे सांगितले ते १८६९ मध्ये, म्हणजे तोफांनी निकाल दिल्यानंतर चार वर्षांनी. युद्धाआधी तो प्रश्न कोणाकडे न्यायचा होता?

वैनतेय यांच्या सिद्धान्तानुसार टेबलाशी बसले की युद्ध टळते. मग नायजेरियाकडे पाहा. जानेवारी १९६७ मध्ये तेथील लष्करी सरकारचे प्रमुख गोवोन आणि पूर्व प्रांताचे लष्करी राज्यपाल ओजुक्वू घानातील अबुरी येथे समोरासमोर बसले, करारही केला. घरी परतल्यावर दोघांनी त्या कराराचे दोन अर्थ लावले. २७ मेला गोवोन यांनी देशाची बारा राज्यांत फेररचना जाहीर केली, ज्यामुळे ओजुक्वू यांच्या पूर्व प्रांतातून तेलाचा मोठा भाग निघून गेला असता. ३० मेला पूर्व प्रांत ‘बियाफ्रा’ या नावाने स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली आणि ६ जुलैला युद्ध. तेथे गुलामगिरी नव्हती. आदल्या वर्षी उत्तरेत पूर्व प्रांतातील इग्बो समाजाच्या लोकांच्या कत्तली झाल्या होत्या आणि जीव वाचवण्यासाठी फुटणाऱ्यांचे कारण कोणालाही पटावे असे होते. तरीही जानेवारी १९७० पर्यंत उपासमारीने लाखो माणसे मेली. तेव्हा चांगले कारण असो की वाईट, फुटणाऱ्याच्या हद्दीत तेल किंवा बंदर असले की जुने सरकार त्याला जाऊ देत नाही. मी एवढेच म्हणत होतो.

---

रिचमंडकर

बियाफ्राच्या उदाहरणात ओजुक्वू यांच्या प्रांतातले जे अल्पसंख्य तेलाच्या पट्ट्यात राहत होते, त्यांना बियाफ्रात राहायचे होते काय, हे दक्षिणायन यांनी विचारलेले नाही. वेस्ट व्हर्जिनियाचाच प्रश्न आहे तो.

आणि व्हर्जिनियाने लिंकन यांच्या सैन्यमागणीला लोकशाही मार्गाने उत्तर दिले, असे जे चित्र वर उभे केले आहे, त्यातल्या तारखा लावून पाहाव्यात. १७ एप्रिलचा ठराव लोकांनी मंजूर केल्यावरच लागू व्हायचा होता आणि त्यासाठीचे मतदान २३ मे रोजी होते. व्हर्जिनियाचे सैनिक मात्र १८ एप्रिललाच हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेले आणि दोन दिवसांत नॉरफोकजवळची नौदलाची गोदी रिकामी झाली. लोक मत देऊ लागले तेव्हा राज्य महिनाभर युद्धात होते.

---

दक्षिणायन

मतदानाची तारीख मान्य. युद्ध सुरू झाल्यावर घेतलेले मतदान मीही मतदान मानत नाही, आणि हे मी खुशीने लिहीत आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पण मग ४ एप्रिलचे मतदान तरी मानावे लागेल, कारण ते युद्धाआधीचे होते आणि त्यात व्हर्जिनिया संघराज्यात राहणार होती. तिला तेथे राहू देण्यासाठी एक किल्ला सोडणे सीवर्ड यांनाही परवडणारे वाटत होते, आणि ते काही चार्ल्सटनचे मळेवाले नव्हते.

---

कापूसकोंड्या

सीवर्ड यांचा विषय निघालाच आहे तर चांदीच्या धावांसाठी मी स्वतंत्र धागा काढला आहे. माजी तलाठी यांनी तेथे दप्तरासह यावे.